कोरडे तांदूळ

दाढ काढण्याआधी हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं, की सुईच्या टोकाभोवती हिरडी पांढरी पडायला लागते. आधी तिळाएवढी, मग टिकलीएवढी. औषधात रक्तवाहिन्या आवळून धरणारं द्रव्य असतं, त्यामुळे तिथलं रक्त मागे सरतं आणि भूल जरा जास्त वेळ टिकते. वीस वर्षांहून जास्त काळ मी हे रोज बघते आहे. तरी त्या पांढऱ्या डागापाशी माझा हात क्षणभर थांबतोच. माझ्या मदतनीस मुलीला वाटतं, मॅडम भूल चढायची वाट बघतायत. मी तिला तसंच वाटू देते.

माझा दवाखाना बोईसरला आहे, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली वडापावचं दुकान, वर मी. कारखान्यातली मुलं येतात, ती हिंदीत 'मॅडम, निकाल ही दो' म्हणून सरळ तोंड उघडून पडतात. नवापूरच्या आणि माझ्या माहेरच्या, म्हणजे सातपाटीच्या बायका येतात, त्या मशेरीने काळे केलेले दात दाखवत मलाच चार गोष्टी सुनावतात. पण खुर्ची मागे झुकली की सगळे सारखे. माणूस घाबरलाय हे त्याचं तोंड मला त्याच्या आधी सांगतं. ओठांचा रंग उतरतो, जीभ टाळ्याला चिकटते, तपासायचा छोटा आरसा गालाला आतून चिकटून बसतो आणि हलकेच सोडवावा लागतो.

हे ज्या नसा करतात त्या आपल्या हुकमात नसतात. हात वर कर म्हटलं तर करता येतो. लाजू नकोस म्हटल्यावर आजवर कोणी लाजायचं थांबलंय? गालातल्या, ओठांतल्या, हिरड्यांतल्या आणि लाळेच्या ग्रंथींतल्या बारीक रक्तवाहिन्या या नसांच्या ताब्यात असतात. त्यांनी सैल सोडलं की चेहरा लाल होतो, कान तापतात, चिंच दिसली की तोंड भरून येतं. त्यांनी आवळलं की चेहरा उतरतो आणि तोंडाला कोरड पडते. लाळ रक्तातूनच तयार होते, त्यामुळे ग्रंथीकडे रक्त कमी गेलं की लाळही आटते. तोंडचं पाणी पळालं, असं आपली माणसं उगाच म्हणत नाहीत.

हे सगळं मला विसाव्या वर्षी कळलं. खरं सांगायचं तर अर्धं कळलं, आणि त्या अर्ध्या हळकुंडाने मी अशी काही पिवळी झाले की एका बाईचं आयुष्य नासवलं. हे वाक्य मी याआधी कुठेच लिहिलेलं नाही.

ती बाई डोंगराकडची. पालघरच्या पूर्वेला, बस सोडून तासभर चालल्यावर तिचा पाडा. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर भात आणि नाचणी करायची, आणि दिवाळी झाली की समुद्राकडे कामाला उतरायची. आमच्या घरची होडी होती, बोंबील भरपूर यायचे. ते सुकवायला बांबू रोवून, आडवे दोर बांधून उंच वलांडी उभारलेल्या असतात. ती आमच्या वलांडीवर दहा-बारा हंगाम तरी आली असेल. मी तिला कळायला लागल्यापासून बघत होते. मी तिला 'बाय' म्हणायचे आणि ती मला 'ताय' म्हणायची. वयाने ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असावी.

बोंबील दोरावर नुसता टाकला तर घसरतो. दोन बोंबील घ्यायचे, दोघांचे जबडे उघडायचे आणि एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा अडकवून दोराच्या दोन्ही अंगांना सोडायचे. बारीक दात एकमेकांत रुततात आणि वारा आला तरी जोडी सुटत नाही. हे मला तिने शिकवलं. माझ्या बोटांना दात लागून रक्त आलं, तेव्हा तिने बोट स्वतःच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "मेलेला मासा चावला तुला, ताय. जित्याचं काय करशील?" कॉलेजात पहिल्या दिवशी जबड्याचं हाड हातात दिलं, तेव्हा मला आधी तीच आठवली होती. मग पुढच्याच वर्षी मी ते केलं.

भावाचा साखरपुडा होता. मी दुसऱ्या वर्षाला होते, चार दिवसांच्या सुट्टीवर आले होते. होणाऱ्या वहिनीसाठी आईने सोन्याचे कानातले वेल करून घेतले होते. वेल म्हणजे कानापासून केसांत अडकवायची बारीक साखळी, दोन कानांना दोन. सकाळी पाहुण्यांसमोर ताट मांडताना आईने रुमाल सोडला तर आत एकच वेल. कसंबसं सावरून, दुसरा दुरुस्तीला दिलाय असं खोटं सांगून कार्यक्रम उरकला. दुपारी पाहुणे गेले आणि मग घरात जे सुरू झालं ते सांगायला नको.

आमच्या घरात शब्द चालायचा आत्याचा. वडिलांची थोरली बहीण, नवरा समुद्रात गेलेला, तेव्हापासून आमच्याकडेच. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "तांदूळ चावायला द्या." ही जुनी रीत. ज्यांच्यावर संशय आहे त्यांनी चिमूटभर कोरडे तांदूळ देवाचं नाव घेऊन चावायचे आणि बदामाच्या पानावर थुंकायचे. खऱ्याचा तांदूळ लाळेने भिजून त्याचा लगदा होतो. चोराचा कोरडाच बाहेर येतो. माझ्या लहानपणी शेजारच्या आळीत एकदा हे झाल्याचं मी ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं.

भाऊ तारापूरला एका कारखान्यात नोकरी करायचा, नव्या वळणाचा. तो चिडला. "आत्या, काय जुनंपानं काढतेस? वेल गेला तर गेला. मी दुसरा करीन, पण कोणाला बसवून असलं काय करू नका," तो म्हणाला. आई त्याच्याकडे बघत होती आणि मला दिसत होतं की ती त्याचं ऐकणार. अजून दोन मिनिटं गेली असती तर विषय तिथेच संपला असता. मी या दोन मिनिटांचा विचार फार वेळा केला आहे.

आत्या माझ्याकडे वळली. "ही शिकते ना डाक्टरी? तिला विचारा. तांदळाचं खरं हाय का नाय, सांग गो."

मला आठवतं, माझे कान तापले, पण आनंदाने. घरातली सगळी मोठी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला नेमकं याच गोष्टीचं उत्तर येत होतं. महिन्यापूर्वीच झालेला धडा. मी ओटीवर उभी राहून व्याख्यानच दिलं. सांगितलं, की भीती वाटली की आपल्या ताब्यात नसलेल्या नसा तोंडाचं पाणी बंद करतात. चोराच्या पोटात भीती असते, म्हणून त्याचं तोंड सुकतं. आपल्या पूर्वजांना नसा माहीत नव्हत्या, पण परीक्षा बरोबर होती. "भाऊ, ही अंधश्रद्धा नाही. यात विज्ञान आहे," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

भावाने हात झटकले आणि तो बाहेर निघून गेला. त्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती मी.

तांदूळ मीच आणले. आतल्या खोलीत पत्र्याचं मोठं पिंप होतं, वर्षाचा तांदूळ त्यात असायचा. वरचे मूठभर घेतले आणि निवडलेसुद्धा, खडा नको म्हणून. परीक्षा नीट व्हायला हवी होती ना!

सकाळपासून आतल्या खोलीत येऊन गेलेल्या पाचजणी. आत्या स्वतः, ती म्हणाली पहिली मीच. आईच्या दोन चुलत बहिणी, शेजारची सून, आणि वलांडीवरची बाय. ती आत आली होती मिठाची गोणी न्यायला. बाकीच्या चौघी पाहुणे गेल्यावर ओटीवरच बसल्या होत्या, चहाच्या कपबशा अजून त्यांच्या पुढ्यात होत्या. तिला वलांडीवरून बोलावलं. साखरपुडा असला तरी होडी आली होती आणि माल थांबत नाही, म्हणून ती उजाडल्यापासून उन्हात होती. ती आली, ओटीच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठापाशी थांबली, मला काहीतरी म्हणाली. मी तिचा हात धरून तिला ओळीत बसवलं.

आत्याचा लगदा झाला. बहिणींचा झाला. शेजारची सून इतकी रडत होती की तिच्या पानावर नुसतं पाणीच पडलं. मग बायची पाळी. तिने माझ्या हातून तांदूळ घेतले, चावले. बराच वेळ चावत होती. जबडा हलताना दिसत होता आणि सगळे त्या जबड्याकडे बघत होते. मी तिच्या चेहऱ्यावर रंग शोधत होते, पण उन्हाने रापलेल्या त्या काळ्या चेहऱ्यावर मला काहीच दिसेना. मग मी ओठ बघितले. ते पांढरट होते, त्यांना भेगा पडल्या होत्या. हेही मी लक्षण म्हणून मनात टिपून ठेवलं. मग ती पानावर वाकली. तांदूळ पडले ते पांढरे, सुटे, पिठूळ. एक कणही भिजला नव्हता.

आत्याने तिच्या लुगड्याचे सोगे झटकून पाहिले, कमरेची पिशवी पाहिली. काही निघालं नाही. ती एवढंच म्हणाली, "मी नाय घेतला." कोणाकडे बघून नाही, पानाकडे बघून. मग उठली आणि मला वाटलं की ती आता पाड्याची वाट धरेल. ती वलांडीवर गेली. पाट्यांत उरलेले बोंबील होते, ते तिने जबड्यात जबडा घालून सगळे टांगले. माल सडू दिला नाही. काम संपल्यावर हात वाळूने घासले आणि गेली.

ती परत आली नाही, आणि यायला तिला तोंडही ठेवलं नव्हतं कोणी. सातपाटीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? बाजारात मासे विकणाऱ्या बायकांनी तिला 'तांदूळवाली' करून टाकलं. पुढच्या हंगामात तिने दुसऱ्या आळीत काम मागितलं, तिथेही नाही म्हणाले. तिच्या पाड्यावरच्या दुसऱ्या बायकांनाही लोक घरात घेताना दहादा विचार करायला लागले. मग ते कुटुंब वीटभट्टीवर जायला लागलं, असं कानावर आलं.

वेल सापडला. तीन आठवड्यांनी, तांदळाच्या पिंपात.

आई दागिने रुमालात बांधून पिंपात तांदळाखाली दडवायची, हे मला ठाऊकच नव्हतं. साखरपुड्याच्या सकाळी घाईत रुमाल उपसताना गाठ सैल झाली आणि एक वेल आतच सुटून राहिला. ज्या पिंपातून मी परीक्षेचे तांदूळ काढले त्याच पिंपात, हातभर खाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी पुढच्या सुट्टीला घरी गेले, तेव्हा आईने स्वयंपाकघराचं दार लोटून मला हे सांगितलं. आत्याला आणि मला, दोघींनाच.

मी म्हणाले, "मग तिला सांगायला हवं."

"काय सांगू?" आई म्हणाली. "लग्न तोंडावर हाय. नवरीकडच्यांना काय वाटंल? आमीच खोटे, आमीच येडे? आनि तूच बोललीस ना, शास्त्रात हाय म्हनून."

शेवटचं वाक्य आई टोचायला बोलली नाही. ती खरंच विचारत होती. शास्त्रात होतं ना, मग असं कसं झालं? माझे कान पुन्हा तापले, या खेपेला मुळापासून. खरं बाहेर आलं असतं, तर माझ्या शहाणपणाची फजिती सगळ्या गावासमोर झाली असती, आणि ती मला नको होती. आईने अब्रूचं कारण दिलं आणि मी ते झेललं. लग्नात वहिनीच्या दोन्ही कानांत वेल होते आणि मी वरातीत नाचले.

उरलेलं अर्धं मला वर्षभराने कळलं, तेही विचारायची हिंमत केली म्हणून. आमच्या एका सरांना मी आडून विचारलं, की अशी तांदळाची रीत असते, ती कितपत खरी? सर हसले. म्हणाले, तोंड सुकणं एवढंच सांगतं की माणूस घाबरलाय. कशाला घाबरलाय ते तोंड सांगत नाही. चार माणसांनी घेरून चोर म्हणून बसवलं, तर निरपराध जास्त घाबरेल. सराईत चोर आरामात चावेल. वर्गात दोन मुलं हसली, आणि मीही हसले.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक माफी तयार होती. वर्षानुवर्षं मी ती मनात घोळवली. मी तिला सांगणार होते, की चूक तुझी नव्हती, तुझ्या नसांची होती. तू घाबरलीस, आणि कोणीही घाबरलं असतं. मला ही माफी फार प्रामाणिक वाटायची. तिच्यात शास्त्रही होतं.

लग्न होऊन बोईसरला आले, दवाखाना टाकला, त्यानंतर एकदा मी तिच्या पाड्यावर गेलेही. नवऱ्याला सांगितलं, शिबिरासाठी जागा बघायची आहे. स्कूटरच्या डिकीत एक साडी होती. तिच्या घराला बाहेरून काटेरी फांदी लावलेली होती. शेजारचा म्हातारा म्हणाला, "भट्टीवर गेलेत सगले. पाऊस पडंल तवा येतील." मला काय वाटलं ते खरं सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. परतताना बेटेगावच्या फाट्यावर थांबून मी उसाचा रस प्यायले. साडी पुढे दवाखाना झाडणाऱ्या बाईंना दिवाळीला दिली. पाऊस पडल्यावर मी पुन्हा गेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती स्वतःच आली.

दुपारची शेवटची पेशंट. सून घेऊन आली होती, ती इथे एका कंपनीत पॅकिंगला आहे. केसपेपरवरचं नाव मी वाचलं नाही, वय तेवढं वाचलं, साठ. म्हातारी खुर्चीत बसली आणि तिने हात खुर्चीच्या कडेवर ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं, मधे एक विंचू. बोंबील टांगताना तो विंचू लहानपणी माझ्या डोळ्यांसमोर वरखाली व्हायचा. मी सुनेला म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. मदतनीस मुलीला जेवायला पाठवलं.

"मावशी, तोंड उघडा," मी म्हणाले. पूर्वी 'बाय' आणि 'तू' होतं. दवाखान्यात आम्ही सगळ्यांनाच अहोजाहो करतो.

खालची दाढ किडून मुळापर्यंत गेली होती. आरसा आत घातला आणि तो गालाला चिकटला. जीभ कोरडी, मधे चिरलेली, ओठ पांढरट. तेच तोंड. माझ्या मनात एकच गोष्ट आली, की हिने मला ओळखलंय आणि ही मला घाबरली आहे. अजूनही घाबरते आहे.

मी आरसा ठेवला. मास्क काढला. "मला ओळखलंत?"

"वलखलं," ती म्हणाली. "दारावरची पाटी सुनेनं वाचली ना. सातपाटीची ताय तू."

मग मी सगळं सांगितलं. वेल तांदळात सापडला, तीन आठवड्यांत सापडला, आम्हाला माहीत होतं, आम्ही गप्प बसलो. आई आता नाही. आणि मग माझी ती तयार माफी. मी म्हणाले, "तुमचं तोंड सुकलं ते भीतीनं सुकलं होतं. चोरीमुळे नाही. भीतीनं कोणाचंही सुकतं. मला तेव्हा अर्धंच ठाऊक होतं. तुम्ही घाबरलात, त्यात तुमचा काही दोष नव्हता."

तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती माझ्याकडे नवल वाटल्यासारखी बघत होती.

"मी कशाला भियीन?" ती म्हणाली. "घेतलाच नवता तं भियाचं काय? माझा देव मला म्हाईत. मी तं बोलले मनात, बरं झालं, चावते नि जाते कामावर."

"मग तोंड..."

"तान लागलेली, ताय. उजाडल्यापून उनात, मिठात हात. पानी संपलेलं. म्हनून मी माठाकडं थांबले ना. तुझ्याकडं पानी मांगितलं मी. तू बोललीस, आता पानी पियालीस तं काय समजनार नाय, आदी तांदूल चाव. मंग पी."

मी 'असं झालं नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मला तो माठ दिसला. त्यावरचं पितळी भांडं दिसलं. तिचा हात भांड्याकडे गेलेला, आणि तो मनगटाशी धरून खाली घेणारा माझा हात. हे मी बोलले होते. अगदी याच शब्दांत, डॉक्टरी ऐटीत. परीक्षा बिघडू नये म्हणून. चौघींनी माझ्यासमोर चहा घेतला होता, ते मला परीक्षा बिघडवणारं वाटलं नव्हतं. आणि इतकी वर्षं मी भीती, नसा, रक्तवाहिन्या सगळं आठवत राहिले, फक्त एवढं एक वाक्य नेमकं विसरले.

"नंतर पण नाय दिलं कोनी," ती म्हणाली. तक्रार नव्हती, आठवण होती. "वलांडीवरून घरी गेले, तवा वाटंत येका हिरीवर पियाले."

माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. खुर्चीला लागून चूळ भरायचा पेला असतो, तो मी भरून तिच्या हातात दिला. "आत्ता... आत्ता पण तहान लागलीये का?"

"लागलीये तं. गाडीत बसाचं म्हनून सकालपून पियाले नाय. बाईमानसानं उतरायचं कुठं मधे?" तिने पेला तोंडाला लावला. मी सवयीने म्हणणार होते, थुंका इथे. ती सगळं पाणी प्यायली. पेला पुढे केला. मी परत भरला. ती तेही प्यायली, आणि तिसराही.

मग ती तोंड पुसून म्हणाली, "मला सांगून काय करतेस? मला तं म्हाईतच होतं मी नाय घेतला. तुमच्या गावात सांग. आजून बाजारात कोन कोन बोलतं, तांदूलवाली म्हनून. नातीला पन बोलले."

मी हो म्हणाले. तिची दाढ मी काढली. भूल देताना हिरडी पांढरी पडली आणि मी डोळे दुसरीकडे वळवले. पैसे घेतले नाहीत, तर सून बळेच टेबलावर ठेवून गेली.

त्यानंतर मी तीनदा सातपाटीला गेले. आत्या ऐंशीच्या पुढे आहे, तिला आता दिसत नाही, पण मी आलेली कळते. मी भावाकडे जेवते, वहिनीच्या कानांत सणाला तेच वेल असतात. बाजारात ओळखीच्या बायका हाक मारतात, ताजी पापलेटं बाजूला काढून ठेवतात, डॉक्टरीणबाई म्हणतात. दर वेळी मी ठरवून जाते की आज यांच्यासमोर बोलायचं. माझे कान तापतात, तोंडाला कोरड पडते, आणि मी मासे घेऊन परत येते.

मग वाटलं, बोलता येत नाही तर लिहावं. लिहिलं, आणि आज वाचून पाहिलं. यात तिचं नाव नाही. आईचं नाही, आत्याचं नाही, माझंही नाही. सातपाटीत कोणी हे वाचलं, तर म्हणतील, बिचारी कुठलीतरी बाई. तिच्या नातीला बाजारात लोक अजूनही तेच म्हणतील.